पोरांची जीभ, थोरांची जीभ

पाडव्याच्या सकाळी धारवाडच्या मराठी घरात कडुनिंबाचा प्रसाद होतो आणि भिंतीपलीकडच्या कन्नड घरात बेवु-बेल्ला. साहित्यात थोडा फरक असेल, पण कडुनिंब आणि गूळ दोन्हीकडे चुकत नाहीत. पुढचा प्रकारही दोन्हीकडे तोच. मोठी माणसं निमूट गिळतात, पोरं गूळ चाटतात आणि पाला मुठीत लपवतात.

हे फक्त सणापुरतं नाही. जोंधळ्याच्या भाकरीबरोबर इकडे मेथीची कच्ची पानं, मुळा, हक्करकीचा पाला असं हिरवं कच्चंच खायची पद्धत आहे. वडील ते मिटक्या मारत खातात आणि मुलगा भाकरीवर तूप-गूळ मागतो. मग आई विचारते, "एकाच घरातलं, एकाच भांड्यातलं जेवण. मग यालाच का चालत नाही? लाडावलाय का?" आज्जीचं उत्तर ठरलेलं असतं: "याचा बापही असाच होता." आज्जीचं निरीक्षण बिनचूक आहे. कारण मात्र लाडात नाही, किंवा फार थोडं लाडात आहे.

१. जिभेच्या वाट्याला किती, नाकाच्या वाट्याला किती

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपण ज्याला चव म्हणतो, त्यातली बरीचशी नाकाची कामगिरी असते. जीभ स्वतःच्या बळावर पाचच गोष्टी ओळखते: गोड, खारट, आंबट, कडू आणि पाचवी उमामी, म्हणजे उकडलेल्या डाळीत, टोमॅटोत, मटणाच्या रश्श्यात असतो तो भरीव रुचकरपणा. शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा, टोकाला गोड आणि मागे कडू असा. तो चुकीचा आहे. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात.

घरीच पडताळून पाहा. वेलचीची पूड आणि पिठीसाखर एकत्र करा. नाक घट्ट दाबून चिमूटभर तोंडात टाका. नुसतं गोड लागेल. आता नाक सोडा. घशामागच्या वाटेने वास वर चढतो आणि वेलची हजर होते. धारवाडच्या लाईन बाजारातल्या पेढ्याचा खरपूसपणाही असाच नाकाला कळतो. खवा मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत परततात, त्यातून तो वास तयार होतो. पेढ्यातलं जिभेच्या वाट्याला येतं ते मुख्यतः गोड.

हे वेगळं काढून सांगायचं कारण असं की या दोन गोष्टींचा इतिहास वेगळा आहे. जिभेच्या पाच चवींबद्दलची आवडनावड बरीचशी जन्मजात असते. वासांची आवड मात्र जवळजवळ सगळी शिकलेली असते.

२. शिकवणी पोटातच सुरू होते

इस्रायलमधले संशोधक जेकब स्टायनर यांनी १९७०च्या दशकात काही तासांच्या बाळांच्या जिभेवर वेगवेगळ्या चवींचे थेंब ठेवले. बाळांनी अजून पहिलं दूधही घेतलं नव्हतं. गोड थेंबाला चेहरा सैल झाला, बाळं ओठ चाटू लागली. आंबटाला ओठांचा चंबू झाला. कडूला तोंड वासून जीभ बाहेर आली. मेंदूचा वरचा भाग तयारच न झालेल्या बाळांनीही असेच चेहरे केले. म्हणजे गोड हवं आणि कडू नको हा निकाल विचार करणाऱ्या मेंदूपर्यंत जायच्या आधीच लागतो. खारटाचं मात्र वेगळं आहे. नवजात बाळाला मिठाचं फारसं काही वाटत नाही. ती आवड साधारण चौथ्या महिन्यानंतर दिसू लागते.

आता वासांकडे वळू. आई जे खाते त्याचे वास गर्भजलात उतरतात आणि बाळ ते गर्भजल गिळत असतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल नावाची संस्था आहे. चव आणि वास यांवरच तिथे काम चालतं. तिथल्या ज्यूली मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००१ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही स्त्रियांनी गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत गाजराचा रस घेतला, काहींनी बाळ अंगावर पीत असताना घेतला, काहींनी दोन्ही वेळा नुसतं पाणी. पुढे बाळांना गाजराच्या चवीची पेज भरवली, तेव्हा आधी गाजर 'भेटलेल्या' बाळांनी नाकं कमी मुरडली. त्याआधी १९९१ मध्ये मेनेला आणि गॅरी बोशां यांनी लसणाचं पाहिलं होतं. आईने लसूण खाल्ल्यावर साधारण दोन तासांनी दुधाला त्याचा वास सगळ्यात जास्त येतो, आणि बाळ त्यामुळे दूर होत नाही, उलट जास्त वेळ छातीशी राहतं.

आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीत काय काय असतं ते आठवा. शेपूची भाजी, लसणाची फोडणी, मेथीचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि इकडच्या भागात हमखास अंटिन उंडी, म्हणजे डिंकाचे लाडू. हे सगळं आईची ताकद भरून यावी, दूध वाढावं म्हणून देतात. पण त्याच वेळी बाळाला त्या घरच्या फोडणीची ओळख करून दिली जात असते, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. 'बाळाला बाधेल' म्हणून बाळंतिणीचं ताट अगदी फिकं करून टाकायची रीत काही घरांत आहे. मला ती दोघांवरही अन्याय करणारी वाटते.

३. गोडाची ओढ कुठून येते

आईच्या दुधात सुमारे सात टक्के दुग्धशर्करा असते. बाळाचं पहिलं अन्नच गोड आहे. ज्या बाळाने गोड नाकारलं असतं ते जगलंच नसतं. पण दूध सुटल्यावरही ही ओढ टिकते, आणि नुसती टिकत नाही, मोठ्यांपेक्षा बरीच जास्त असते.

किती जास्त? मोनेलमधल्या चाचण्यांत मुलांना कमी-जास्त गोडीची पाणी चाखायला दिली आणि सगळ्यात आवडलेलं निवडायला सांगितलं. मुलांची निवड बाजारातल्या कोलाच्या जवळजवळ दुप्पट गोड निघाली. हिशोब करून पाहू. कोलात शंभर मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात २१ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाच ग्रॅमचे चार चमचे. मुलांची पसंती त्याच पेल्यात सात ते आठ चमच्यांची. तसा पेला मोठ्या माणसाने पाहुणा म्हणून गेल्यावरही भिडेखातर पिणं कठीण.

यामागे वाढीचा संबंध असावा, असं सुचवणारा एक अभ्यास अमेरिकेतच वॉशिंग्टन विद्यापीठात झाला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ११ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये जास्त गोड आवडणारे आणि कमी गोड आवडणारे असे दोन गट पाडले. हाडं वाढत असताना लघवीतून एक खूणवजा पदार्थ बाहेर पडतो. कमी गोड आवडणाऱ्यांमध्ये तो कमी निघाला. म्हणजे ज्यांच्या हाडांची वाढ मंदावत आली होती, त्यांची गोडाची ओढही ओसरत होती. नववीतला मुलगा अचानक 'चहात साखर कमी घाल' म्हणतो, तेव्हा त्याला शहाणपण आलं असं घरचे समजतात. कदाचित त्याची हाडं बोलत असतील.

गोडाचं आणखी एक काम आहे. लहान बाळांना सुई टोचताना जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं तर ती कमी रडतात. दवाखान्यांत याचा उपयोगही करतात. मोठ्यांच्या बाबतीत हा उपाय एवढा चालत नाही. (यावरून कुणी तान्ह्याला मध चाटवू नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून गंभीर विषबाधा होऊ शकते.)

अडचण अशी की ही ओढ तयार झाली तेव्हा गोड म्हणजे पिकलं फळ, दूध आणि कधीतरी मधाचं पोळं. आज गल्लीच्या टोकाला पाच-दहा रुपयांत साखर मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, तसंच मध आणि फळांचा रस यांतली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. दिवसाला १४०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ १४० कॅलरी, म्हणजे ३५ ग्रॅम, म्हणजे सात चमचे. वर मुलांनी निवडलेला तो एकच पेला आठवा. दिवसभराचा हिशोब त्यातच संपतो.

४. कडू: पंचवीस दरवाजे, एक घंटा

गोड ओळखायला जिभेवर मुख्यतः एकाच जातीचा संवेदक आहे. कडूसाठी मात्र सुमारे पंचवीस जातींचे आहेत. एखाद्या जुन्या वाड्याला पंचवीस दरवाजे असावेत आणि कुठूनही कुणी शिरलं तरी आत तीच एक घंटा वाजावी, तसं हे आहे. कारल्यातला पदार्थ एका दरवाजाने येतो, कॉफीतला दुसऱ्या, औषधाच्या गोळीतला तिसऱ्या. घंटा सांगते एकच: कडू. कोण आलं ते ती सांगत नाही. एवढा बंदोबस्त का, तर वनस्पतींमधली कितीतरी विषं कडू असतात. अंगाने लहान असलेल्या जिवाला विषाची थोडी मात्राही पुरते. त्यामुळे मुलाच्या तोंडाशी पहारा कडक असणं सोयीचंच.

तो खरोखरच कडक असतो का? याचं उत्तर एका अपघातातून मिळालं. १९३१ मध्ये ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स पीटीसी नावाची पूड ओतत होते. ती हवेत उडाली. शेजारचा सहकारी 'किती कडू आहे' म्हणून तक्रार करू लागला आणि फॉक्सना काहीच लागेना. तेव्हापासून कळलं की काहींना हा पदार्थ जहरी कडू लागतो आणि काहींना बेचव, आणि हे घराण्यात उतरतं. त्यामागचं जनुक २००३ मध्ये सापडलं. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती 'तीव्र' असतील तर कडू जोरात लागतं, दोन्ही 'मंद' असतील तर जवळजवळ नाही.

खरी गंमत आहे एक तीव्र आणि एक मंद प्रत असलेल्यांची. मेनेला आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मुलं आणि त्यांच्या आया यांना पीटीसीच्याच जातीचा एक पदार्थ चाखवला. अशा मिश्र जोडीच्या मुलांना तो अगदी पातळ असतानाही कडू लागला. तशाच जोडीच्या मोठ्यांपैकी बऱ्याच जणींना लागला नाही. जनुकं सारखी, वय वेगळं आणि चव वेगळी. तेव्हा 'मला तर मुळा कडू लागत नाही, तुलाच कसा लागतो' हा आईचा प्रश्न खरा आहे आणि मुलाची तक्रारही खरी आहे. मुळा, कोबी, मोहरी यांतले उग्र पदार्थ याच दरवाजाने आत येतात. कारल्याचा दरवाजा वेगळा, म्हणून कोबी न खाणारं एखादं पोर कारलं आनंदाने खाताना दिसलं तर चकित व्हायला नको.

कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवायची युक्ती घरोघर आहे. मिठाने पाणी सुटतं आणि थोडा कडू रस निघून जातो, हे अर्धं स्पष्टीकरण. उरलेलं अर्धं तोंडात घडतं. मिठातलं सोडियम जिभेवर कडूची जाणीवच दाबून टाकतं. गूळ-चिंच घातलेल्या कारल्याच्या गोज्जूत गोडही हेच काम करतं. मुलांची औषधं गोड पाकात येतात ती याच कारणाने. पण तिथे साखरेपुढे एक मर्यादा आहे. फार कडू औषध कितीही गोड केलं तरी पोर ओळखतं. मुलांच्या औषधांवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

५. मग चिगळी का आवडते?

एवढं वाचून वाटेल की मुलांना फक्त गोड आणि सौम्य हवं. मग शाळेच्या फाटकाबाहेर आवळे, कैरीच्या फोडी, बोरं आणि तिखटमीठ लावलेली चिंच विकणाऱ्या बाईंचं गिऱ्हाईक कोण असतं? उन्हाळ्यात चिंच, गूळ, मीठ, जिरं, लाल तिखट एकत्र कुटून काडीला गोळा लावतात. ती चिगळी. मोठ्यांनी ती जिभेला लावली तरी दात आंबतात, पोरं तासभर चोखत बसतात.

मेनेला आणि लीम यांनी २००३ मध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आणि त्यांच्या आयांना आंबटपणा चढत जाणारी जेली चाखवली. एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी सगळ्यात आंबट जेली आवडते म्हणून सांगितलं. आयांमध्ये तशी जवळजवळ कुणीच नव्हती. ही मुलं नव्या पदार्थांना कमी बिचकणारी आणि जास्त प्रकारची फळं खाणारी होती. तान्ह्यांना आंबट नको असतं, म्हणजे ही आवड मधल्या वयात उगवते आणि पुढे बहुतेकांची मावळते. का उगवते, याबद्दल माझा आपला अंदाज असा की त्या वयात धाडस म्हणून करायच्या गोष्टींत ही सगळ्यात स्वस्त आणि बिनधोक आहे.

६. 'नको'चं वय

दीड वर्षाचं बाळ जमिनीवरचा खडाही तोंडात घालतं. तेच दोन-अडीच वर्षांचं झालं की ताटातल्या अनोळखी भाजीला हात लावत नाही. साधारण दोन ते सहा हा काळ नव्याला नकार देण्याचा. पाय फुटलेलं मूल आईच्या नजरेबाहेर जाऊ लागतं नेमक्या त्याच सुमारास निसर्गाने हा लगाम घातला असावा, असं मानतात. त्याला हट्ट म्हणून आपण शिक्षा करतो.

लगाम सैल कसा होतो, यावर अमेरिकेतल्या लीअन बर्च यांनी बरंच काम केलं. १९८० च्या दशकातल्या त्यांच्या प्रयोगांत दिसलं की नवा पदार्थ पुन्हा पुन्हा थोडा थोडा चाखला की आवड वाढते. त्यासाठी आठ-दहा, कधी पंधरा वेळाही लागतात. नुसता पाहून वा हुंगून उपयोग नाही, तो तोंडात जायला हवा. बहुतेक घरांत तिसऱ्या-चौथ्या वेळी 'याला आवडत नाही' असा शिक्का बसतो. शिक्का लवकर बसतो, एवढंच म्हणायचं.

बर्च यांचा १९८४चा निष्कर्ष आपल्या गावासाठीच केल्यासारखा आहे. एक पेय प्यायल्याबद्दल मुलांना बक्षीस दिलं, तर पुढे ते पेय त्यांना आधीपेक्षा कमी आवडू लागलं. 'भाजी संपव, मग पेढा देते' या सौद्यात मुलाला कळतं ते हेच की भाजी ही सोसायची गोष्ट आहे, नाहीतर तिच्यासाठी पेढा कशाला मोजला असता? पेढ्याचा भाव वाढतो, भाजीचा उतरतो.

उलट बाजूचा प्रयोग शिकागोच्या क्लॅरा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंचा. १९२० आणि ३०च्या दशकांत त्यांनी नुकतंच दूध सुटलेल्या मुलांपुढे ३४ पदार्थांतून निवडून ठेवलेली ताटं मांडली आणि काय खायचं, किती खायचं ते त्यांच्यावर सोडलं. मुलांनी चमत्कारिक जेवणं केली, पण धडधाकट वाढली. 'मुलाला कळतं' याचा पुरावा म्हणून हा प्रयोग अजून सांगतात. डेव्हिस बाईंनी स्वतःच सांगून ठेवलं होतं की खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे. यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता.

घरच्या सवयीचा जोर किती असतो, हे इथल्या शाळांतही दिसतं. हुबळीत अक्षयपात्र संस्थेचं प्रचंड स्वयंपाकघर आहे. तिथून परिसरातल्या शाळांना दुपारचं जेवण जातं. संस्था कांदा-लसूण वापरत नाही. २०१८-१९ मध्ये कर्नाटकात यावर वाद झाला. अन्नहक्काचं काम करणारे कार्यकर्ते म्हणत होते की घरच्या चवीशी न जुळणारं जेवण मुलं पुरेसं खात नाहीत. संस्थेचं म्हणणं होतं की पोषणाचे सगळे निकष पाळले जातात. दोन बाजू दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होत्या. निकष ताटात काय आहे ते मोजतात, पोटात किती गेलं ते मुलाच्या नाकावर ठरतं.

७. तिखट नावाची वेदना

आपल्या षड्रसांत तिखट आहे, शरीरशास्त्राच्या यादीत नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन चवीच्या पेशींना नव्हे, उष्णतेची वेदना पोचवणाऱ्या नसांना चेतवतं. त्रेचाळीस अंशांच्या आसपास चटका बसला की जो संवेदक जागा होतो, तोच मिरचीनेही होतो. डेव्हिड ज्यूलियस यांनी १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१चं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

वेदना आवडायला कशी लागते? मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन १९७०च्या दशकात मेक्सिकोतल्या एका खेड्यात हे पाहायला गेले. तिथे लहानांना मिरचीची सक्ती नव्हती. पाच-आठ वर्षांची मुलं मोठ्यांचं पाहून आपणहोऊन घेऊ लागत. त्याच घरांतली कुत्री आणि डुकरं रोज मिरचीचं उष्टं खात, पण निवड दिली की साधंच उचलत. सवय जनावरांनाही होती, आवड मात्र फक्त माणसांना लागली. सोबत बसून खाणाऱ्यांचं पाहणं हा फरक.

उत्तर कर्नाटकात ही शिकवणी नकळत चांगली बेतलेली आहे. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटपणाला बेताची. आधी ताकात कुस्करलेली भाकरी, मग तिच्यावर शेंगांची चटणी आणि तूप, मग एणगाईचा, म्हणजे भरल्या वांग्याचा, नुसता मसाला, आणि एक दिवस पोर आपणहोऊन लाल मिरचीच्या रंजक्यात भाकरी बुडवतं. त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं तरी ते 'तिखट नाही' असंच सांगतं.

८. आणि नंतर

मोठेपणी बदलतं ते सगळं एकाच वेळी नाही. वाढ थांबते तशी गोडाची ओढ उतरते. किशोरवयात कडूचा पहारा ढिला होतो. शिवाय शरीर हिशोब ठेवतं. कॉफीचा कडू घोट गिळल्यावर तरतरी येते, असं शंभर वेळा झालं की तो कडूपणाच हवासा वाटतो. कारल्याचंही थोडं तसंच असावं, तिथे फक्त तरतरीऐवजी जुन्या जेवणांच्या आठवणी काम करतात.

साठीनंतर आणखी एक फेरा येतो. चवीच्या पेशी साधारण दहा दिवसांत नव्या होत राहतात, त्यामुळे जीभ बऱ्यापैकी टिकते. आधी आणि जास्त घटतं ते नाक. भाजी 'पाणचट' लागते आणि हात मिठाकडे, लोणच्याकडे जातो, नेमका रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेलं असतं तेव्हा. आजोबांच्या ताटात मीठ न वाढवता लिंबाची फोड, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वरून तुपातल्या लसणाची फोडणी द्यावी. ती जेवायला बसल्यावरच, गरम असताना घालावी. वाफेबरोबर वास जास्त चढतो.